नळ सोडला की रेडिएटर तापतो

हीटिंग बंद. थर्मोस्टॅट पार खाली आणलेला, टायमर बंद, बाहेर चांगलं उकडतंय. तरी कोणी आंघोळीला गेलं की पॅसेजमधला रेडिएटर (म्हणजे बॉयलरचं गरम पाणी आत फिरवून खोली गरम करणारा) तापायला लागतो, आणि तापतो म्हणजे कोमट वगैरे नाही, हात ठेवला तर पटकन उचलावा लागेल इतका. आणि तिकडे बाथरूममधून ओरडा चालू की पाणी नीट गरम येत नाहीये.

घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. बायकोचं म्हणणं बॉयलर म्हातारा झालाय, बदलून टाकू. मुलीचं म्हणणं थर्मोस्टॅटची बॅटरी. आणि जो माणूस बघायला आला त्याने कव्हरला हात न लावता, स्क्रीनवर दोन बटणं दाबून सांगितलं, "बोर्ड गेलाय." आता बोर्ड हा एक असा पार्ट आहे की त्याच्यावर काहीही ढकलता येतं, कारण बॉयलरमधलं सगळंच बोर्डच्या हुकमाने चालतं. मी विचारलं, बोर्ड गेला असेल तर रेडिएटर का तापतोय? तर म्हणे चुकीचा सिग्नल देतोय. बरं, पंप चालतोय, आग पेटतेय, नळ सोडला की बॉयलरला बरोब्बर कळतंय, नळ बंद केला की विझतोय, मग बोर्डचा नेमका एकच सिग्नल चुकतोय का? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कळवतो म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं.

माझं स्पष्ट मत आहे की बॉयलरच्या निम्म्या दुखण्यांचं निदान कव्हर न उघडता, खालच्या पाइपांना हात लावून होऊ शकतं. पाणी गरम होऊन कुठे जातंय हे पाइप सांगतात, आणि पाइप खोटं बोलत नाहीत. स्क्रीनवरचा एरर कोड कधीकधी बोलतो.

आधी आतली रचना बघू, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्याकडे आहे तो कॉम्बी बॉयलर, म्हणजे घर गरम करायचं पाणी आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकाच डब्यातून, वेगळी टाकी नाही. आत दोन पाणी असतात आणि ती एकमेकांत कधीच मिसळत नाहीत (मिसळली तर ती वेगळीच भानगड, त्यावर पुढे येतो). एक पाणी बॉयलर, पंप, रेडिएटर असं गोल गोल फिरणारं, तेच तेच, वर्षानुवर्षं आत कोंडलेलं. दुसरं पाणी मेन लाइनमधून येणारं, जे तापून नळातून बाहेर पडतं. आग फक्त पहिल्या पाण्याला मिळते. नळाचं पाणी तापतं ते प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे स्टीलच्या पातळ पातळ पत्र्यांचा एक जाडसर ठोकळा, ज्यात एका पत्र्याच्या अलीकडून पहिलं गरम पाणी जातं आणि पलीकडून नळाचं गार पाणी.

आता पहिल्या पाण्याने रेडिएटरकडे जायचं की प्लेटकडे जायचं हे ठरवतो तो डायव्हर्टर व्हॉल्व्ह. रेल्वेचा सांधा बदलतात ना, तसाच प्रकार, गाडी तीच, सांधा इकडे असेल तर एका लाइनवर, तिकडे असेल तर दुसऱ्या. तुम्ही गरम पाण्याचा नळ सोडता, आतल्या फ्लो सेन्सरमधलं छोटं चाक फिरतं, मिनिटाला साधारण दोन-अडीच लिटरच्या वर प्रवाह गेला की बोर्डला कळतं की कोणाला तरी पाणी हवंय, बोर्ड व्हॉल्व्हवरच्या मोटरला सांगतो, मोटर दांडी सरकवते, रेडिएटरची वाट बंद, प्लेटची वाट चालू, आग पेटते. तेवढा वेळ हीटिंग थांबतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत कोणी अर्धा तास शॉवरखाली उभं राहिलं तर घर थोडं गार पडतं, तो काही बिघाड नाही.

आता बघा, सांधा अर्धवट बदलला तर काय होईल. थोडं गरम पाणी प्लेटकडे, थोडं रेडिएटरकडे. नळाला उष्णता कमी पडणार आणि नको असताना रेडिएटर तापणार. म्हणजे आमच्या घरी जे चाललं होतं तेच, तंतोतंत. पण "वाटतंय" आणि "आहे" यात फरक असतो, म्हणून मोजून बघायचं ठरवलं.

कॉम्बी बॉयलरच्या खालून मुख्य पाच पाइप बाहेर पडतात: हीटिंगचं जाणारं, हीटिंगचं परत येणारं, गॅस, मेन लाइनचं गार पाणी, आणि नळाकडे जाणारं गरम पाणी. शिवाय एक सेफ्टी व्हॉल्व्हचा, जो बहुतेक ठिकाणी भिंतीतून बाहेर काढलेला असतो, आणि कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा) असेल तर पाणी निथळायचा एक प्लास्टिकचा. क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो त्यामुळे अंदाजपंचे कुठल्याही व्हॉल्व्हला हात घालू नका, मॅन्युअलमध्ये खालच्या पाइपांचं चित्र असतंच, ते समोर धरा. गॅसच्या पाइपाशी आपलं काही काम नाही.

हाताने फरक कळतो पण आकडे हवे असतील तर थर्मामीटर लागतो. इन्फ्रारेडवाली बंदूक असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, चकचकीत तांब्याच्या पाइपावर ती साफ चुकीचं रीडिंग देते, पाइप हाताला चटका देत असतो आणि ही दाखवते पंचवीस डिग्री. चकाकणारा धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो म्हणून असं होतं. उपाय सोपा आहे, पाइपवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर नेम धरा.

तर हीटिंग पूर्ण बंद, पाइप थंड होऊ दिले, हीटिंगच्या जाणाऱ्या पाइपाचं तापमान खोलीइतकंच, २७. बायकोला म्हटलं स्वयंपाकघरातला गरम नळ सोड आणि मी म्हणेपर्यंत बंद करू नको. मी बॉयलरखाली बसलेलो. पाइप तापायला मिनिटभरही लागलं नाही, बघता बघता ५२ वर गेला. नळाचं पाणी ३६ च्या पुढे सरकायला तयार नाही. मग नळ बंद, सगळं जरा निवू दिलं, आणि हीटिंगच्या जाणाऱ्या पाइपावरचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केला. हा स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा असतो, खाच पाइपाच्या दिशेने असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. पुन्हा नळ सोडला. पाणी ४९. तोच नळ, तेवढाच प्रवाह, आणि १३ डिग्रीचा फरक, फक्त रेडिएटरकडे पळून जाणारं पाणी अडवल्यामुळे. मला तरी याहून जास्त पुरावा नको होता.

हा प्रयोग करायचा असेल तर दोन गोष्टी. वर्षानुवर्षं न फिरवलेला आयसोलेशन व्हॉल्व्ह फिरवला की कधीकधी त्याच्या मानेतून थेंब थेंब गळायला लागतो, त्यामुळे हळू फिरवा, खाली फडकं ठेवा आणि जोर लागत असेल तर सोडून द्या. आणि टेस्ट झाली की उघडायला विसरू नका, बंद ठेवून हीटिंग चालू केलं तर पाण्याला फिरायला वाट नाही, बॉयलर आतल्या आत तापून ट्रिप होईल.

पाइप गरम लागला म्हणजे व्हॉल्व्ह गेलाच असं लगेच धरून चालू नका. बॉयलरच्या अगदी जवळचा वीतभर पाइप नुसत्या धातूतून आलेल्या उष्णतेने कोमट होतोच, म्हणून जरा लांब, हात-दीड हात अंतरावर बघायचं. हीटिंग नुकतंच बंद केलं असेल तर पंप आणखी काही मिनिटं चालत राहतो, आत साठलेली उष्णता बाहेर काढायला, तेही नॉर्मल. काही बॉयलरमध्ये नळाला लगेच गरम पाणी मिळावं म्हणून प्रीहीट असतं, कोणी नळ सोडलेला नसताना मधूनच पेटतो आणि दहा-वीस सेकंदात विझतो, त्याला भूत समजू नका. आणि थंडीत घर बंद करून गेलात तर आतलं तापमान फार खाली आल्यावर पाणी गोठू नये म्हणून बॉयलर आपणहून चालू होतो. बऱ्याच बॉयलरमध्ये आणखी एक सोय असते, दिवसभर काही वापरच झाला नाही तर पंप आणि व्हॉल्व्ह एकदा हलवून बघायचं, अडकू नये म्हणून. रात्री मधेच घर्रर्र आवाज येतो तो त्याचाच, आमच्याकडे मुलगी त्याला घाबरायची.

बरं, नळाला पाणी कोमट येतंय एवढ्यावरून डायव्हर्टरला फाशी देणंही बरोबर नाही. साधं गणित करून बघा. २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला साधारण ९.८ लिटर पाणी ३५ डिग्रीने तापवू शकतो, त्यापलीकडे नाही, तो निसर्गाचा नियम आहे, त्याला कुठलाही टेक्निशियन काही करू शकत नाही. मेन लाइनचं पाणी उन्हाळ्यात १५ डिग्रीने येत असेल तर नळाला ५० मिळेल, हिवाळ्यात ५ डिग्रीने येत असेल तर तेवढ्याच प्रवाहाला ४०. म्हणजे थंडी पडल्यावर "बॉयलर बिघडला" म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा बॉयलर ठणठणीत असतो, नळ जरा कमी सोडला की पाणी कढत येतं. बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन मिनिटाला किती लिटर येतंय ते मोजा. आणि एकाच नळाला त्रास असेल, बाकी सगळीकडे पाणी व्यवस्थित, तर दोष बहुतेक त्या मिक्सरचा, आतून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसत असतं.

दुसरा संशयित म्हणजे तो प्लेटचा ठोकळा. तो क्षाराने किंवा गाळाने भरला की नळाचं पाणी गरम-गार-गरम-गार असं झोके खायला लागतं, कारण प्लेटमधून उष्णता पलीकडे जातच नाही, इकडचं पाणी झपाट्याने तापतं, बॉयलर घाबरून आग विझवतो, जरा निवलं की परत पेटवतो. स्क्रीनवर बॉयलरच्या आतलं तापमान दिसत असेल तर नळ सोडल्यावर ते बघत राहा, भराभर ७५-८० कडे पळतंय आणि नळाला मात्र कोमट, आणि हीटिंगचा पाइप गार, तर व्हॉल्व्ह निर्दोष, प्लेट भरली आहे. उलट हीटिंगचा पाइप तापतोय आणि आतलं तापमान शांतपणे वर चढतंय, तर व्हॉल्व्हच. ही एवढी एक खूण कळली तरी चुकीचा पार्ट बदलायचे पैसे वाचतात, आणि खरं सांगायचं तर हे लिहायला बसलो ते मुख्यतः ह्यासाठीच.

व्हॉल्व्ह दुसऱ्या बाजूलाही अडकू शकतो. नळाला पाणी मस्त गरम, पण हीटिंग चालू केलं की रेडिएटर ढिम्म, पंपाचा आवाज येतोय, आग पेटतेय आणि थोड्या वेळात विझतेय. म्हणजे सांधा प्लेटच्या बाजूलाच बसलाय. मोटर जळाली तर व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला राहील हे मॉडेलवर अवलंबून असतं, काहींची आरामाची जागा हीटिंगकडे असते, काहींची नळाकडे, त्यामुळे शेजाऱ्याच्या बॉयलरला जे झालं त्यावरून आपल्याबद्दल काही ठरवू नका. आणि जुन्या बॉयलरमध्ये तर मोटरच नसते, नळाच्या पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा हलतो, पडदा पिन ढकलतो, पिन व्हॉल्व्ह हलवतो आणि शेवटी एक मायक्रोस्विच दाबतो तेव्हा कुठे आग पेटते. हा पडदा फाटला किंवा पिन क्षाराने धरली की मोठी गंमत होते, गरम पाणी फक्त हीटिंग चालू असतानाच येतं. कारण नळ सोडल्यावर स्विच दाबला जातच नाही, पण हीटिंगसाठी आग आधीच पेटलेली असेल तर त्यातली थोडी उष्णता नळालाही मिळून जाते. अशा घरात लोक भर उन्हाळ्यात आंघोळीपुरतं हीटिंग लावतात, मी पाहिलंय.

तर आकडे कागदावर लिहून मी दुसऱ्या टेक्निशियनला बोलावलं. कव्हर मी स्वतः उघडलं नाही आणि तुम्हीही उघडू नका. बऱ्याच बॉयलरमध्ये ते पुढचं कव्हरच ज्वलनाच्या खोलीचं सील असतं, नीट परत बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. हे काम परवानाधारक माणसाचं. घरात कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म नसेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी तो लावा.

हा माणूस वयस्कर होता, कमी बोलणारा. मी आकडे दाखवल्यावर त्याने कागद हातात घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग मला कशाला बोलावलंत?" पण खूश झाला होता हे दिसत होतं. त्याने स्वतः एकदा नळ सोडून पाइपाला हात लावून बघितलाच, आकड्यांवर विश्वास ठेवून थेट पाना काढला नाही, ते मला आवडलं. मग मेन स्विच बंद, चारही पाण्याचे व्हॉल्व्ह बंद, बॉयलरपुरतं पाणी खाली काढलं, कव्हर उतरवलं.

डायव्हर्टर उजव्या बाजूला खाली, पितळी बॉडी आणि त्यावर काळी प्लास्टिकची मोटर, एका तारेच्या क्लिपने धरलेली. क्लिप ओढली, मोटर हातात आली, वायर तशीच जोडलेली. त्याने वीज चालू करून मोटरला हुकूम दिला, तिचा दांडा सरसर पूर्ण बाहेर आला आणि परत पूर्ण आत गेला. म्हणजे मोटर चांगली, आणि मोटरला हुकूम देणारा बोर्डही चांगला. इथेच बोर्डवाल्याचा निकाल लागला. मग वीज पुन्हा बंद करून त्याने मला म्हटलं, "अंगठा ठेवा इथे." व्हॉल्व्हच्या तोंडाशी पिन होती ती दाबली, आत गेली, सोडली तर स्प्रिंगने परत आली पण कशी, निम्म्यात अडखळत, आणि शेवटच्या दोनेक मिलिमीटरला थांबलीच. बोटाने बाहेर ओढली तर आली. तेवढ्या दोन मिलिमीटरमधून आमच्या घरचं गरम पाणी रेडिएटरकडे पळत होतं.

आतला कार्ट्रिज, म्हणजे व्हॉल्व्हचा हलणारा भाग, काढला तेव्हा दांडीवर काळा कुळकुळीत लगदा, ग्रीससारखा दिसणारा पण बोटात चोळला तर खरखरीत. ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) फुगलेली आणि एका बाजूने चपटी. आणि जिथे रबर टेकून वाट बंद व्हायला हवी त्या सीटवर एक बारीक चरा, नख फिरवलं तर लागेल इतपतच. त्याने खिशातून चुंबक काढून कागदाखालून लगद्याशी नेला तर लगदा केस उभे राहावेत तसा उठला. मॅग्नेटाइट. म्हणजे आपल्याच रेडिएटरचं लोखंड, झिजून पाण्यात आलेलं.

त्याने विचारलं याला कधी कोणी तेलाचा स्प्रे मारला होता का. आमच्या आधी इथे राहणाऱ्यांनी काय केलं देव जाणे. पण कारण ऐकण्यासारखं आहे, अशा व्हॉल्व्हमधलं रबर बहुतेक वेळा ईपीडीएम नावाच्या जातीचं असतं, ते गरम पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं पण पेट्रोलियमपासून बनलेलं तेल किंवा ग्रीस लागलं की फुगतं. सगळं सुटसुटीत व्हावं म्हणून मारलेला स्प्रे थोडे दिवस काम करतो आणि मग व्हॉल्व्ह आधीपेक्षा घट्ट बसतो. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकं.

कार्ट्रिज नवीन बसवला, मोटर जुनीच. पार्ट मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही, बॉयलरच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर द्यावा लागतो, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये मधल्या काळात व्हॉल्व्हची बनावट बदललेली असते. काम तसं लवकर आटपलं. पण तो म्हणाला, "हे पाणी असंच ठेवलंत तर नव्याचीही हीच गत होईल." आणि इथून खरी मजा सुरू झाली, कारण प्रश्न आता व्हॉल्व्हचा राहिला नाही, एवढं लोखंड झिजलं कसं हा झाला.

बंद सिस्टिममध्ये गंज फारसा वाढायला नको, कारण पहिल्या पाण्यातला ऑक्सिजन थोड्या दिवसात संपून जातो. पुढे लोखंड आणि पाणी यांची संथ क्रिया चालू राहते, त्यात मॅग्नेटाइट तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. (रेडिएटरच्या वरच्या भागात सारखी "हवा" साठत असेल तर ती कित्येकदा हवा नसून हायड्रोजन असते, म्हणून सोडताना जवळ काडी, लायटर काही नको.) पण नवीन पाणी भरत राहिलात तर दर वेळी नवा ऑक्सिजन, नवा गंज. आणि आम्ही पाणी भरत होतो. बॉयलरवरच्या प्रेशर गेजचा काटा १ बारच्या खाली आला की खालची फिलिंगची चावी फिरवायची, काटा दीडवर, सगळे खूश. घरातल्या कोणालाही ते करता यायचं इतकं ते नेहमीचं झालं होतं.

मग पाणी जात कुठे होतं? घरात तर कुठे ओल नाही. टेक्निशियनने बाहेर जाऊन सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपाचं तोंड बघितलं, खालच्या भिंतीवर पांढरट ओघळ. म्हणजे तो व्हॉल्व्ह मधूनमधून सुटत होता. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो, आणि आमचा काटा थंड असताना सव्वावर असतो, मग ३ कसा गाठतो? तर पाणी तापलं की फुगतं. सिस्टिममध्ये १०० लिटर पाणी धरा, १० डिग्रीवरून ८० ला गेलं की ते जवळपास ३ लिटरने वाढतं, आणि पाणी तर दाबलं जात नाही, म्हणून हे वाढीव पाणी सामावून घ्यायला बॉयलरच्या मागे एक्स्पान्शन व्हेसल असतं, चपटा डबा, मधे रबरी पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. ती हवा वर्षांनुवर्षं हळूहळू कमी होते. हवा गेली की पाण्याला फुगायला जागा नाही, तापल्यावर काटा सरळ ३ वर, सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो, निवल्यावर काटा पाऊणवर, आपण चावी फिरवतो, नवा ऑक्सिजन, नवा गंज, गंज जाऊन डायव्हर्टरमध्ये. बॉयलरच्या मागच्या डब्यातली हवा कमी झाली आणि त्याचा हिशोब चुकता झाला बाथरूममध्ये.

त्याने व्हेसलच्या हवेच्या निपलला गेज लावला, गाडीच्या टायरला असतो तसलाच निपल असतो, तर जेमतेम ०.२ बार. पाण्याच्या बाजूचं प्रेशर शून्यावर आणून पंपाने १ बारपर्यंत हवा भरली. पाण्याच्या बाजूला प्रेशर असताना हवा मोजली तर रीडिंग फसवं येतं, हे मला माहीत नव्हतं. निपलमधून हवेऐवजी पाणी आलं असतं तर पडदाच फाटलाय, मग व्हेसल बदलण्यावाचून गत्यंतर नाही. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण एकदा त्यातून गाळाचं पाणी गेलं की कण सीटवर अडकतात आणि तो परत पूर्ण बंद होत नाही. तुमच्याकडे तो गळतोय का हे बघायचं असेल तर बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून रात्रभर ठेवा, सकाळी पाणी असेल तर कळलंच. पिशवी आवळून बांधू नका आणि नंतर काढायला विसरू नका, ती वाट मोकळीच हवी.

काहींकडे उलटं होतं, काही न करता काटा आपणहून वर चढतो. तिथे फिलिंगचा व्हॉल्व्ह आतून पाणी सोडत असतो, किंवा मघाशी म्हटलं ती भानगड, प्लेटला बारीक भोक पडून मेन लाइनचं पाणी आतल्या पाण्यात घुसतंय. फिलिंगची नळी काढता येत असेल तर काढून ठेवा आणि बघा, तरी काटा चढला तर प्लेट.

मग सगळे रेडिएटर फ्लश केले, बादलीत पडलेलं पाणी शाईसारखं. इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, टाकलं, आणि परत येणाऱ्या पाइपावर मॅग्नेटिक फिल्टर बसवला. फिल्टरच्या बाबतीत मी जरा साशंक होतो, विकायच्या गोष्टी वाटायच्या, पण पहिल्यांदा उघडून साफ केला तेव्हा चुंबकावर बोटभर जाड थर निघाला, मग गप्प बसलो. पुन्हा तीच टेस्ट केली, हीटिंग बंद, नळ चालू, हीटिंगचा पाइप खोलीच्या तापमानावरच बसून, नळाला ५०.

ज्यांच्याकडे कॉम्बी नाही, वेगळी टाकी आहे, त्यांच्याकडे हेच काम पाइपावरचे मोटरवाले झोन व्हॉल्व्ह करतात. तिथे एक सोपी परीक्षा असते. स्प्रिंगवाल्या व्हॉल्व्हच्या बाजूला छोटा लिव्हर असतो, मागणी नसताना (म्हणजे हीटिंग किंवा गरम पाणी चालू नसताना) तो हलवला तर स्प्रिंगचा विरोध जाणवायला हवा. मागणी चालू केली की मोटर व्हॉल्व्ह उघडते आणि लिव्हर ढिला पडतो. मागणी असूनही विरोध तसाच असेल तर मोटर किंवा तिची वीज गेली. मागणी नसतानाही ढिला असेल तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. आणि सगळं बंद करूनही बॉयलर पेटलेलाच राहत असेल तर आतला मायक्रोस्विच चिकटलाय असं समजायला हरकत नाही. पण व्हॉल्व्हवरच्या त्या मोटरच्या डब्यात मेनची वीज असते, म्हणून झाकण उघडायचं ते स्विच बंद करून आणि काय करतोय हे कळत असेल तरच.

एकच रेडिएटर गार आणि बाकी सगळे गरम असतील तर बॉयलरपर्यंत जायचंच नाही. वर गार खाली गरम तर गॅस साठलाय, खाली गार वर गरम तर गाळ, आणि अख्खाच गार तर बहुतेक त्याच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची (खोलीच्या तापमानाप्रमाणे त्या रेडिएटरचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या) पिन. व्हॉल्व्हचं वरचं डोकं फिरवून काढा, खालची पिन पान्याच्या सपाट बाजूने हळू दाबा, दोन-चार मिलिमीटर आत जाऊन स्प्रिंगने वर यायला हवी. पक्कडने ओढू नका, काही मॉडेलमध्ये पिन बाहेर येते आणि तिच्यामागून पाणी येतं. उन्हाळ्यात ही डोकी पूर्ण उघडी ठेवली तर पिन दाबलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहत नाही, आणि महिन्यातून एकदा पाच-दहा मिनिटं हीटिंग चालवलं तर डायव्हर्टरही हलता राहतो.

सध्या काटा थंड असताना १.३ आणि तापल्यावर १.८, भरायची चावी कोणी फिरवलेली नाही. वरच्या खोलीतल्या रेडिएटरची पिन मात्र अजून अडखळते, ते डोकं या शनिवारी काढून बघणार आहे.